चेंजर बंद आहे? विकण्याआधी थाळी हाताने फिरवून पाहा

ठाण्याच्या नौपाड्यात, डोंबिवली पूर्वेला, कल्याणच्या जुन्या वस्तीत एखादी इमारत पुनर्विकासाला निघाली की माळ्यांवरचं सामान खाली येतं. त्यात कधीकधी एक जड लाकडी पेटी असते. झाकण उघडलं की थाळी, तिच्या मधोमध उंच, जरा वाकडी स्पिंडल आणि बाजूला रेकॉर्डींची चळत धरून ठेवणारा एक दांडा दिसतो. हा रेकॉर्ड चेंजर. चळतीतली एकेक रेकॉर्ड खाली सोडणारा, वाजवणारा, संपली की हात उचलून पुढची घेणारा आणि सांगितलं तर तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा वाजवत राहणारा. घर महिनाभरात रिकामं करायचं असतं, भंगारवाला दारात उभा असतो आणि प्रत्येक घरात तेच प्रश्न निघतात. यंत्र चालत नाही, तर विकावं का? दुरुस्ती परवडेल का? चेंजरने रेकॉर्डी खराब होतात म्हणतात, ते खरं का? एकच बाजू सारखी वाजत राहते, हा बिघाड आहे का?

या सगळ्यांची उत्तरं एकाच गोष्टीशी येऊन थांबतात. बंद पडलेला चेंजर बहुतेक वेळा मोडलेला नसतो, तो चिकटलेला असतो. त्याच्या पोटातलं पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालेलं असतं. म्हणून आपोआप चालण्याची त्याची यंत्रणा काढून टाकू नका, ती सोडवून घ्या. मात्र ती सुटली म्हणून घरातल्या सगळ्या रेकॉर्डी तिच्या हवाली करू नका. या दोन सल्ल्यांमध्ये विरोध वाटेल. तो का नाही, हे यंत्र कसं चालतं ते पाहिल्यावर कळतं.

आधी यंत्र ओळखा

चावीचा, भोंग्याचा ग्रामोफोन वेगळा आणि विजेवरचा चेंजर वेगळा. चावीच्या ग्रामोफोनला पोलादी पिन लागते आणि ती दर बाजूनंतर बदलावी लागते. त्यामुळे त्या यंत्राने एकच रेकॉर्ड आपोआप पुन्हा वाजवणं म्हणजे झिजलेली पिन पुन्हा त्याच खाचेतून ओढणं. टिकाऊ टोकाच्या पिना आणि विजेवरची मोटार आल्यावरच स्वयंचलित यंत्रं घराघरांत रुजली. अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने १९२७ साली बारा रेकॉर्डी आपोआप बदलणारं यंत्र बाजारात आणलं. पण आपल्याकडच्या रेडिओग्रामांत, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत असलेल्या संचांत, बहुधा सापडतात ते त्याच्या बऱ्याच नंतरचे, इंग्लंडमधल्या गॅरार्ड किंवा बीएसआर कंपनीचे चेंजर. पेटीवर रेडिओ कंपनीचं नाव असलं तरी आतला चेंजर या दोघांपैकी कोणाचा तरी असू शकतो. म्हणून पेटीवरचं नाव वाचून थांबू नका. थाळीखालच्या पत्र्यावरचं किंवा टोनआर्मजवळचं, म्हणजे पिन धरणाऱ्या हाताजवळचं, नाव आणि मॉडेल क्रमांक टिपून घ्या. सुटे भाग त्या क्रमांकावर मिळतात, पेटीवरच्या नावावर नाही. एचएमव्हीचा फिएस्टा हा सुटसुटीत रेकॉर्ड प्लेअर अनेकांना आठवतो, पण तो एकेक रेकॉर्ड वाजवणारा आहे, चेंजर नाही. त्याला यातला निम्मा लेख लागू नाही.

प्लग लावू नका

सगळ्यात महागडी चूक पहिल्या पाच मिनिटांत होते. चालू आहे का पाहू म्हणून लोक प्लग लावतात. जुन्या वायरींचं रबर तडकलेलं असतं, प्लगला अर्थिंग नसतं, व्हॉल्व्हच्या रेडिओग्राममधले कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात आणि काही संचांत तर पत्र्याच्या सांगाड्यातच वीज उतरते. त्यातच यंत्रणा चिकटलेली असेल तर मोटार जोर लावते आणि मऊ धातूचा एखादा दाता तुटतो. ग्रीस चिकटणं हा दुरुस्त होणारा बिघाड आहे. दाता तुटला तर त्या मॉडेलचा दुसरा चेंजर सापडेपर्यंत वाट पाहावी लागते. वीज न लावता करायची तपासणी अशी:

- टोनआर्म बांधलेला असेल तर सोडा. पिनेवर टोपी असेल तर ती राहू द्या.
- चेंजर पेटीत स्प्रिंगांवर तरंगत असतो. वाहतुकीसाठी तो आवळून ठेवणारे दोन-तीन स्क्रू वरून दिसतात. ते सैल आहेत ना, पाहा.
- बटण ‘ऑटो’ किंवा ‘रिजेक्ट’कडे ढकला आणि थाळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हाताने सावकाश फिरवा.
- काही फेऱ्यांत टोनआर्म वर उठला, बाहेर गेला, आत आला आणि खाली टेकला, तर यंत्रणा शाबूत आहे.
- मध्येच अडकलं तर थांबा. जोर लावू नका आणि उलट फिरवू नका.

अडकलं म्हणून निराश होऊ नका. बहुतेक चेंजर इथेच अडकतात आणि त्याचं कारण वर सांगितलंच आहे.

दुरुस्ती: काय करून घ्यायचं, काय करू द्यायचं नाही

रेकॉर्डचं शेवटचं गाणं संपलं की खाच एकदम आत धावते आणि टोनआर्म झपाट्याने मध्याकडे जातो. त्या झपाट्याने थाळीखालचा एक हलका खटका सरकतो आणि फिरत्या थाळीच्या दात्यात अडकतो. तिथून एक मोठं चाक पूर्ण फेरी घेतं. त्या एका फेरीत हात उचलला जातो, पुढची रेकॉर्ड पडते, तिचा आकार चाचपला जातो आणि हात नेमक्या जागी टेकतो. हा खटका इतका हलका असतो की तो केवळ टोनआर्मच्या हालचालीने सरकतो. म्हणून त्याला तेल लावायचं नसतं. तेल लावलं की धूळ चिकटते, ते घट्ट होतं, खटका सरकेनासा होतो आणि रेकॉर्ड संपल्यावर पिन मधल्या खाचेत खरखरत फिरत राहते. ‘सगळीकडे तेल सोडलंय, आता पळेल’ असं सांगणारा कारागीर पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला पुन्हा त्याच्याकडे आणतो.

कारागिराकडून करून घ्यायची कामं नेमकी सांगा. थाळी काढून जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसायचं. सरकत्या पट्ट्यांवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात द्यायचा. मोटारीच्या बेअरिंगला शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. खटका कोरडा ठेवायचा. मोटारीकडून थाळीला गती देणारं रबरी चाक नुसतं पुसायचं, त्याला तेल शिवू द्यायचं नाही. ते एका जागी चपटं झालं असेल तर दर फेरीला ‘धप’ असा आवाज येतो आणि मग चाकावर नवीन रबर चढवावं लागतं. या कामासाठी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी आणि अंबरनाथ या पट्ट्यात रबराचं आणि लेथचं बारीक काम करणारी वर्कशॉपं आहेत. त्यांना रेकॉर्ड प्लेअरमधलं काही कळावं लागत नाही. चाकाचं माप मिलिमीटरमध्ये दिलं की पुरतं.

पिनेमागचं कार्ट्रिज हा वेगळा प्रश्न आहे आणि आपल्या भागात तो जास्त बोचतो. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल क्षाराचा स्फटिक असतो आणि दमट, उष्ण हवेत तो नासतो. ठाण्याच्या खाडीकाठी किंवा उल्हास नदीच्या बाजूला माळ्यावर वर्षानुवर्षं राहिलेलं क्रिस्टल कार्ट्रिज मेलेलंच असेल असं गृहीत धरा. आवाज अगदी बारीक आणि फाटका येत असेल तर अॅम्प्लिफायर उघडण्याआधी याच्यावर संशय घ्या. त्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसतं आणि त्याला दमटपणाचं भय नाही. एक गोष्ट मात्र कोणालाही करू देऊ नका: ‘कशाला ती कटकट’ म्हणून आतली यंत्रणा कापून चेंजरचा साधा प्लेअर बनवणं. यंत्राची किंमत तिथेच संपते आणि ते पुन्हा जोडता येत नाही.

अमेरिकेहून आलेलं यंत्र

तिकडे राहणारी मुलं, भावंडं कौतुकाने यंत्र आणतात, ट्रान्सफॉर्मर लावून सुरू करतात आणि गाणं जड, ओढल्यासारखं वाजतं. ट्रान्सफॉर्मर दाब १२० व्होल्टवर आणतो, पण विजेची वारंवारता बदलत नाही. तिकडे ती ६० आहे, इथे ५०. या मोटारींची गती वारंवारतेवर ठरते, म्हणून थाळी सहात पाच या प्रमाणात हळू फिरते. काळी पाचमध्ये गायलेलं गाणं पांढरी पाचच्याही किंचित खाली उतरतं. रियाजासाठी रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं, नाहीतर गायकाची पट्टीच चुकीची समजते.

तपासायला उपकरण लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा आणि ३३⅓ च्या गतीवर तीन मिनिटं फेऱ्या मोजा. शंभर भरल्या पाहिजेत. त्र्याऐंशीच्या आसपास आल्या तर अडचण वारंवारतेची आहे. उपाय म्हणजे मोटारीवरची पायऱ्यांची पुली ५० च्या मापाची बसवणं. मूळ पुली न मिळाल्यास लेथवर प्रत्येक पायरीचा व्यास १.२ पट करून घेता येतो.

‘चेंजर रेकॉर्डी खातो’ हा आक्षेप

हा आक्षेप खोटा नाही, पण अर्धवट आहे. चेंजरवर एक रेकॉर्ड दुसरीवर पडते, फिरत्या रेकॉर्डवर पुढची टेकताना क्षणभर घसरते, चळत वाढली की पिनेचा कोन बदलतो आणि सिरॅमिक कार्ट्रिजच्या पिनेचा रेकॉर्डवरचा दाब चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजपेक्षा दुप्पट-तिप्पट असतो. हे सगळं खरं आहे. पण एलपीच्या कडा आणि मधलं लेबल खाचांपेक्षा जरा उंच घडवलेलं असतं, ते मुळी खाचा एकमेकींना घासू नयेत म्हणून. स्वच्छ रेकॉर्ड स्वच्छ रेकॉर्डवर पडली तर इजा कमी होते. दोन रेकॉर्डींमध्ये धूळ असेल तर ती पॉलिश पेपरचं काम करते. म्हणजे बरंचसं नुकसान धुळीचं, झिजलेल्या पिनेचं आणि चुकीच्या पिनेचं आहे. त्याचं खापर पूर्णपणे यंत्रणेवर फोडून ती काढून टाकली, तरी झिजलेली पिन तशीच राहते आणि रेकॉर्डी तशाच खरवडत राहते.

चुकीच्या पिनेचं नुकसान सगळ्यात मोठं आहे. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, रेकॉर्डची खाच रुंद असते, एलपी आणि ईपीची बारीक. चेंजरच्या पिनेला बहुधा दोन तोंडं असतात आणि एक छोटी कळ फिरवून ती बदलतात. ७८ च्या तोंडाने एलपी वाजवली तर ती एकदाच वाजवूनही कायमची बिघडू शकते. एलपीच्या तोंडाने ७८ वाजवली तर ते टोक खाचेच्या तळाशी रखडतं आणि नुसती खरखर ऐकू येते. लोक मग म्हणतात, ‘बालगंधर्वांच्या रेकॉर्डी आता गेल्याच.’ बऱ्याचदा रेकॉर्ड ठीक असते, पिन उलटी असते.

दुसरा आक्षेप सोयीचा. आता सगळं फोनवर मिळतं, मग हा उपद्व्याप कशाला? लोकप्रिय गाणी मिळतात, हे मान्य. पण ७८ च्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आत बसवलेलं जुनं नाट्यपद, स्थानिक कीर्तनकाराची रेकॉर्ड, छोट्या कंपनीने काढलेली तबकडी यांतलं पुष्कळसं कोणी कुठे चढवलेलंच नसतं. कल्याण गायन समाजासारखी संस्था १९२६ पासून उभी असलेल्या आणि पंडित राम मराठे यांचं वास्तव्य लाभलेल्या या पट्ट्यातल्या घरांत तशा रेकॉर्डी निघण्याची शक्यता मुळीच कमी नाही. तुमच्या पेटीतल्या तबकडीच्या जगात आणखी किती प्रती उरल्यात, हे तिचं लेबल वाचून चौकशी केल्याशिवाय कळत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा: दुरुस्तीच्या खर्चात नवीन सुटकेस प्लेअर येईल. येईल. पण स्वस्त सुटकेस प्लेअरमध्येही सिरॅमिक कार्ट्रिजच असतं, पिन अनेकदा फक्त एलपीची असते आणि रेकॉर्ड बदलण्याची सोय नसते. म्हणजे ज्या दोषासाठी जुनं यंत्र टाकलं तो दोष नव्यात आहेच, आणि जुन्याचा गुण नव्यात नाही.

कोणती रेकॉर्ड यंत्रावर सोपवायची

आता ‘एकच बाजू सारखी वाजते’ या प्रश्नाकडे. बीएसआर आणि तशा घडणीच्या अनेक चेंजरमध्ये चळत धरणारा दांडा खाली आला की यंत्राला कळतं, वर आता रेकॉर्ड उरली नाही, थांबायचं. तो दांडा बाजूला वळवून ठेवला तर यंत्राला शेवट कळतच नाही आणि ते तीच रेकॉर्ड पुन्हा सुरू करतं. म्हणजे तो बिघाड नाही, मुद्दाम दिलेली सोय आहे. दांडा आत आणून ठेवा, यंत्र थांबेल. त्याउलट एखादी खूप जुनी ७८ ची रेकॉर्ड संपूनही हात उचलला जात नसेल, तर तिच्या शेवटी आत धावणारी खाच आहे का पाहा. सुरुवातीच्या काळातल्या अनेक रेकॉर्डींना ती नसते आणि मग खटका सरकणार कसा?

पुन्हा पुन्हा वाजवण्याचा हिशेब करून पाहा. ७८ ची एक बाजू तासाभरात पंधराएक वेळा वाजते. एरवी वर्षभरात होईल इतकी झीज एका दुपारी होते. म्हणून हा भेद पाळा:

- यंत्रावर ठेवा: सहज मिळणाऱ्या चित्रपटगीतांच्या ईपी आणि एलपी, पुसून, एका वेळी तीन-चारच. कंपन्या सहा-आठ म्हणत असत, तुम्ही तेवढ्यावर जाऊ नका. चळतीतल्या सगळ्या रेकॉर्डींची गती एकच असावी.
- हाताने वाजवा: ७८ च्या सगळ्या रेकॉर्डी. त्या लाखेच्या असतात आणि एकीवर एक पडताना तडकू शकतात.
- एकदाच वाजवा, तीही ध्वनिमुद्रण करताना: जिची दुसरी प्रत तुम्हाला कुठेच सापडत नाही अशी रेकॉर्ड.

धुण्याबाबत एकच इशारा. एलपी डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य साबणाच्या थेंबाने पुसता येते, पण ७८ च्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका. त्यात लाख विरघळते.

विकताना, घेताना

किलोवर विकू नका. भंगारवाला मोटारीतल्या तांब्याची किंमत देतो, यंत्राची नाही. आधी रेकॉर्डींची यादी करा: कंपनी, लेबलवरचा क्रमांक, कलाकार, गती. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था आहे. अशा जाणकारांना यादी दाखवल्याशिवाय व्यवहार पक्का करू नका. वस्तू वडिलोपार्जित असेल तर भावंडांची संमती लेखी घ्या. हे प्रकरण पैशापेक्षा मनाला जास्त लागतं.

घेणाऱ्यांसाठी: ‘चालू आहे’ याचा अर्थ विक्रेत्याच्या लेखी थाळी फिरते, एवढाच असतो. चोर बाजारात असो की ओळखीतून, दोन रेकॉर्डी लावून पूर्ण फेरी पाहा. पहिली संपून दुसरी पडली पाहिजे आणि दुसरी संपून यंत्र स्वतःहून थांबलं पाहिजे. पितळी भोंग्याचे चकचकीत ‘जुने’ ग्रामोफोन बहुतेक नव्याने जुळवलेले असतात. ते शोभेला घ्या, जुन्याच्या किमतीला नको.

तुमचे हक्क

दुरुस्तीला देताना पावतीवर मॉडेल क्रमांक, पिन आणि कार्ट्रिज सोबत दिल्याची नोंद, करायची कामं, अंदाजे खर्च, परतीची तारीख आणि ‘बदललेले जुने भाग परत द्यावेत’ हे वाक्य लिहून घ्या. फोटो काढा. भारतीय करार कायद्यानुसार कारागिराने तुमची वस्तू स्वतःच्या वस्तूसारखी जपायची असते. उलट त्याच्या कामाचे पैसे थकले तर तेवढ्यापुरती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क त्यालाही आहे. दुकानातून घेतलेली जुनी वस्तू आणि पैसे मोजून करून घेतलेली दुरुस्ती, दोन्हींना ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार नोंदवा. न मिटल्यास जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दुकान मुंबईत असलं तरी तुम्ही राहता त्या ठाणे जिल्ह्यात तक्रार करता येते. एखाद्या घरगुती माणसाकडून घेतलेल्या वस्तूला मात्र हा कायदा उपयोगी पडत नाही. तिथे तपासणी हेच संरक्षण.

ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९६४ पर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं त्यातून मोकळी झाली आहेत. शब्द आणि चाल यांचे हक्क मात्र वेगळे असतात आणि ते कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. घरच्या वापरासाठी प्रत करायला हरकत नाही. ती इंटरनेटवर चढवण्याआधी हे दोन्ही हिशेब करा. सोसायटीच्या सभागृहात रहिवाशांसाठी किंवा नफा न कमावणाऱ्या मंडळाच्या कार्यक्रमात रेकॉर्ड ऐकवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलं किंवा हॉटेलात कार्यक्रम ठेवला तर ती मिळेल असं धरू नका.

घर बदलण्याच्या दिवशी

वाहतुकीचे स्क्रू आवळा, टोनआर्म मऊ सुती पट्टीने बांधा, स्पिंडल काढता येत असेल तर काढून वेगळी ठेवा आणि थाळी अडकवणारी छोटी क्लिप पाकिटात घालून पेटीच्या आत चिकटवा. ही क्लिप हरवल्याने कितीतरी चेंजर अडून राहतात. रेकॉर्डी आडव्या रचू नका, खोक्यात उभ्या भरा आणि खोकं लहान घ्या, कारण ७८ च्या रेकॉर्डी फार जड होतात. भाड्याच्या घरात माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवण्यापेक्षा आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात दर महिन्याला एकदा झाकण उघडून, प्लग न लावता, थाळी हाताने एक पूर्ण फेरी होईपर्यंत फिरवा.